अर्धं सूत

बिरवाडीत भाड्याची खोली बघायला गेलो, तेव्हा घरमालक मला पहिल्यांदा दिसले ते असे: गुडघ्यांत वाकलेले, डोळे गच्च मिटलेले आणि उजवा हात पुढे करून हवेत काहीतरी चाचपत चाललेले. भर दुपार होती. ओसरीवरून ते माजघरात गेले, माजघरातून परत ओसरीवर आले, त्यांचा हात माझ्या पोटाला लागला तसे थांबले, आणि डोळे न उघडताच म्हणाले, "हे सकाळी इथं नव्हतं."

"मी खोली बघायला आलोय," मी म्हणालो.

"मंग बाजूला सरक. वाटेत उभा राहू नको."

नव्वदच्या दशकाचा उत्तरार्ध होता. मी घाटावरचा, नुकता केमिस्ट झालेला, महाडच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्यात पाळीवर लागलेलो. तिथल्या हवेनं डोकं दुखतं असं कोणीतरी मला आधीच सांगून ठेवलं होतं. या गृहस्थांचं दुखण्याच्या पुढं गेलेलं दिसतंय, असं मनाशी म्हणत मी खोली घेतली. खोलीला एक खिडकी होती. तिच्यातून पावसाळ्यात ढग आत यायचे आणि उरलेले आठ महिने शेजारची कोंबडी.

त्यांना सगळी आळी मिस्त्री म्हणायची. त्यांची बायकोसुद्धा मिस्त्रीच म्हणायची. "मिस्त्री, जेवायला चला," "मिस्त्री, त्या कोंबडीला हाकला." तिला मी काकी म्हणू लागलो. मिस्त्रींना मात्र काका म्हणायची माझी कधी छाती झाली नाही. ते मला 'केमिस्ट' म्हणायचे, आणि त्यांच्या तोंडी तो शब्द एखाद्या आजाराचं नाव असावं तसा यायचा.

मूळचे ते पोलादपूरच्या वरच्या अंगाला, डोंगरमाथ्यावरच्या एका वाडीतले. मिसरूड फुटायच्या आत मुंबईला गेले, गोदीत सुतारकामाला चिकटले, आणि सारी उमर बोटींच्या केबिनी बनवण्यात घालवून परत येऊन बिरवाडीत हे चार खोल्यांचं घर बांधलं. स्वतः एकदाही समुद्रात गेले नाहीत. "बोट पान्यात उतरली की आपलं काम संपलं," म्हणायचे. पण उभे राहायचे ते पाय फाकवून, जमीन कधीही कलेल अशा बेतानं. ओसरीवर ते तसे उभे असले आणि मी पाळी संपवून झोपाळलेल्या डोळ्यांनी समोरून येत असलो, की मलाच वाटायचं, घर जरा डावीकडे झुकलंय.

त्या घरात कुठल्याही फळीखाली आधार दिसायचा नाही. ना लोखंडी कंस, ना लाकडी घोडा. फळी भिंतीतून उगवल्यासारखी सरळ बाहेर आलेली. पाहुणे आले की आधी वाकून फळीच्या पोटाखाली बघायचे आणि मग मिस्त्रींकडे. मग ते सांगायचे. वीतभर सळई भिंतीच्या पोटात, वीतभर फळीच्या पोटात, आणि वरून सगळं झाकलेलं. "बोटीत मानूस झोपेतनं उठतो नि बोट कलते. फळीखाली कंस असला की कपाळ फुटलंच म्हनून समज." फळीच्या पुढच्या कडेला अर्ध्या बोटाची उभी पट्टी असायची, लाटेनं डबा घसरू नये म्हणून. बिरवाडीत लाट कुठून येणार, असं मी एकदा विचारलं. ते म्हणाले, "मांजर येतं ना?"

मापाबद्दल त्यांचे कायदे ठरलेले होते. रुंदी एक वीत नि चार बोटं. "अधांतरी फळी जितकी पुढं येईल तितकी मान टाकते. जास्त पायजे त्यानं टेबल घ्यावं." लांबी शेवटच्या सळईच्या बाहेर वीतभर, फार तर. "त्याच्यापुढं फळी सळईचं ऐकत नाय." पण उंची विचारली की ते खिशात हात घालायचे. खिशात टेप नव्हती, सुतळीचा एक मळका तुकडा होता आणि त्याला चार गाठी होत्या. खांदा, कोपर, मनगट आणि बोटाचं टोक. तो काकींचा हात होता. मिस्त्री बायकोचा हात खिशात घालून हिंडायचे.

आता एक गोष्ट मला तेव्हा माहीत नव्हती, ती तुम्हाला आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचा माझा मूर्खपणा तुम्हाला चारी बाजूंनी नीट बघता येईल. काकींची नजर चालली होती. काचबिंदू. गेलेलं परत येणार नाही आणि उरलेलंही फार दिवस राहणार नाही, असं महाडच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं. मिस्त्री तिच्यासाठी घर तयार करत होते. ती त्यांच्यापेक्षा वीतभर ठेंगणी, म्हणून ते गुडघे वाकवायचे. तिला पुढं दिसणार नाही, म्हणून डोळे मिटायचे. असं हिंडताना हात जिथं आपसूक टेकायला जाईल, तिथं भिंतीवर पेन्सिलीची खूण. काडेपेटीची फळी, देवाच्या तेलाची फळी, फणी-कुंकवाची फळी, सगळ्या लावून झाल्या होत्या. काकींनी काही महिने त्या डोळ्यांनी बघत वापरायच्या, हाताला पाठ होऊ द्यायच्या, मग नजर गेली तरी हात चुकणार नाही, असा त्यांचा हिशेब.

एकच राहिली होती, स्वयंपाकघरातली मोठी. तिचं लाकूड अजून वाळत होतं. माझ्या खोलीत.

खोली देताना मिस्त्रींनी अट घातली होती ती एवढीच. भिंतीशी शिवणीच्या लाकडाची एक जाड फळी उभी होती, चार फुटांना थोडी कमी. "ही हितंच राहील. दर अवसेला हिची पाठ फिरवायची. बाकी हात लावायचा नाय." पलीकडे त्यांचं स्वयंपाकघर होतं आणि मधली भिंत एकच. फळीला त्या भिंतीची ओल कळली पाहिजे, पण स्वयंपाकघरात ठेवली तर काकी ठेचकाळेल, म्हणून ती भाडेकरूकडे. "लाकडाला घर कळायला दोन पावसाळे लागतात," मिस्त्री म्हणाले होते. "मानसाला किती, ते मला म्हाईत नाय."

सांगायला हरकत नाही, मला त्या फळीची सवय झाली. पाळीवरून आल्यावर दुपारी झोपायचो, ती धड झोपही नसायची. अंगणात रंधा चालू असायचा. सर्र... सर्र... आणि मध्येच थांबायचा, म्हणजे मिस्त्री फळीवर तळहात फिरवत असणार. खिडकीतून ढग आत येऊन कॉटच्या पायथ्याशी बसायचा. अर्धवट मिटल्या डोळ्यांना ती शिवण कोणीतरी उभं असल्यासारखी दिसायची, मुक्कामाला आलेली आणि एक शब्दही न बोलणारी लांबची आत्या. अवसेला मी तिची पाठ फिरवायचो तेव्हा भिंतीकडची बाजू गार लागायची आणि जुन्या वहीसारखा वास यायचा. दोन पावसाळे मी हे इमानानं केलं. माझ्या बाजूनं सांगण्यासारखं तेवढंच आहे.

मग मी मॅनेजरसाहेबांच्या बंगल्यावर चहाला गेलो. तिथं दिवाणखान्यात एक अधांतरी फळी होती, तिच्यावर एक काचेचा हत्ती, आणि दुसरं काही नाही. मला त्या रिकामपणाची भुरळ पडली. कारखान्यात आलेल्या एका खोक्याची देवदाराची फळी मी उचलून आणली. मोठे खिळे भिंतीत ठोकले, त्यांची डोकी कापली, फळीला मागून भोकं पाडून वर चढवली. तिच्यावर माझी रसायनशास्त्राची जाडी पुस्तकं, ट्रान्झिस्टर आणि आईनं दिलेली लोणच्याची बरणी मांडली, आणि खाली कॉटवर पडून तिच्याकडे कौतुकानं बघत झोपी गेलो. फळी अधांतरी राहिली. पाऊण तास.

आवाज ऐकून मिस्त्री आले. मी लोणच्यात बसलो होतो. त्यांनी फळी उचलली, उलटी केली, वास घेतला.

"ह्या फळीनं जीव दिला," ते म्हणाले. "खोक्याचं लाकूड हाय रे हे. ह्याला फकस्त पोचायचं म्हाईत. राहायचं म्हाईत नाय."

"मग मला एक चांगली करून द्या ना, मिस्त्री."

"काय काय ठेवनार?"

मी यादी सांगू लागलो. त्यांनी हात वर केला. "तोंडानं नको. जे ठेवायचं ते सगळं जमिनीवर मांड. आठ दिवस त्याच्या मदी राहा. मंग मी येतो."

आठ दिवस मी माझ्या संसाराला ठेचकाळत राहिलो. नवव्या दिवशी मिस्त्री आले, उकिडवे बसले आणि एकेका वस्तूवर बोट फिरवून धूळ बघू लागले. पुस्तकांवर धूळ. कॉलेजात वक्तृत्वात मिळालेल्या कपावर धूळ. फुलदाणी मी कधी घेतली होती ते मलाच आठवेना, तिच्यात एक कोळी राहायला आला होता. धूळ नव्हती ती फक्त ट्रान्झिस्टरवर आणि टॉवेलावर.

"तुला फळी नको," मिस्त्री उठत म्हणाले. "तुला एक खुंटी बास."

हे मला लागलं. शिकलेल्या माणसाला खुंटी! आणि नेमकं त्याच महिन्यात माझ्यासाठी एक स्थळ आलं. मुलीचे मामा महाडला कामाला येणार होते, जाता जाता मुलगा कसा राहतो ते बघून जातो म्हणाले. मी खोलीकडे मामांच्या नजरेनं बघितलं. एक कॉट, एक ट्रंक, भिंतीवर लोणच्याचा डाग. आणि कोपऱ्यात ती शिवण, दोन वर्षं कोणी न वापरलेली.

मी विचारलं नाही. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं नाही. म्हातारा विसरलाय, असं मी स्वतःला सांगितलं. सुटीच्या दिवशी, मिस्त्री बाहेर गेलेले बघून फळी सायकलला बांधली, कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये नेली आणि तिथल्या इलेक्ट्रिक करवतीवर कापली. डागाच्या भिंतीला अडीच फूट शोभेल, असं मी डोळ्यांनी ठरवलं. वर चकचकीत वॉर्निश मारलं आणि डागावर चढवली. उरलेला तुकडाही वाया घालवला नाही. कॉटचा एक पाय डुगडुगायचा, त्याच्याखाली सरकवला. माझ्या काटकसरीचं मला फार कौतुक वाटलं.

मामा आले. कॉटवर बसले. हातात चहाचा कप. फळीकडे बघून म्हणाले, "वा, टेस्ट आहे तुम्हाला." मी लाजलो. तेवढ्यात दारातून मिस्त्री आत आले. त्या दिवशी अमावास्या होती. मी पाठ फिरवली की नाही ते बघायला आले असणार.

कोपरा रिकामा दिसला. मग त्यांना भिंतीवरची फळी दिसली. जवळ गेले, डोळे मिटले आणि फळीवर तळहात ठेवून डावीकडून उजवीकडे नेला. टोकाशी, जिथं करवत चालली होती तिथं, हात थांबला. बराच वेळ तिथंच राहिला. मामांनी माझ्याकडे बघितलं. मी फळीकडे.

"दुसरा तुकडा?" मिस्त्रींनी विचारलं.

मी बोटानं कॉटखाली दाखवलं.

"जरा उठता का?" ते मामांना म्हणाले. पण मामा उठायच्या आतच त्यांनी वाकून तुकडा ओढून काढला होता. कॉट कलली, मामा कलले, चहा मामांच्या पांढऱ्या शर्टावर गेला. मिस्त्री तुकडा छातीशी धरून निघून गेले. मामाही थोड्या वेळानं गेले, आणि त्या स्थळाचा विषय पुन्हा कोणी काढला नाही.

संध्याकाळी मी स्वयंपाकघराच्या दाराशी गेलो. काकी तांदूळ निवडत होती. ताट अगदी नाकाशी धरून, मान तिरपी करून. दोन वर्षं मी तिला तसं बघत होतो आणि मला वाटायचं, बाई फार टापटिपीची आहे.

"ये रे. घाबरू नको," ती म्हणाली. "मिस्त्री तीन दिस बोलनार नाय. चौथ्या दिसी भूक लागल्यागत बोलतील."

"काकी, त्या फळीचं एवढं काय होतं?"

तिनं ताट खाली ठेवलं आणि सगळं सांगितलं. डोळ्यांचं, डॉक्टरांचं, मिटल्या डोळ्यांनी हिंडण्याचं. ती शिवण तिच्या माहेरची. डोंगरावर गोठ्याच्या मागं उभी होती, ती लहान असताना तिच्याखाली गुरं बांधत. वाऱ्यानं पडली तेव्हा मिस्त्री स्वतः वर गेले, तिथंच फळी पाडून घेतली आणि घाटातून खाली आणली. "शिवन हलकी. पानी पिऊन फुगत नाय, उन्हानं वाकत नाय. अधांतरी राहायला तीच बरी, म्हंतात मिस्त्री." मग ताट परत उचलत म्हणाली, "एक पावसाळा तरी डोळ्यानं बगून वापरायची व्हती मला. तेवढी नजर राहील असं वाटतं. पुढचं काय सांगता येत नाय."

आणि पावसाळा दीड महिन्यावर होता.

मी आयुष्यात बऱ्याच गोष्टी बिघडवल्या आहेत आणि त्या बहुतेक मी हसत सांगू शकतो. ही त्यांतली नाही. मी तिथंच बसून तिचे तांदूळ निवडून दिले. तेही धड जमलं नाही. तिनं नंतर हातानं चाचपून त्यातले चार खडे काढले.

चौथ्या दिवशी मिस्त्री खरंच बोलले. "चल. वखारीत जायचं."

मिनीडोअरच्या सहा आसनी रिक्षेतून आम्ही महाडला गेलो. वखारीत आत सावली होती, भुशाचा गोड वास होता आणि वरच्या पत्र्यातून उन्हाच्या चार-पाच काठ्या आत उतरल्या होत्या. त्यांच्यातून मिस्त्री हळूहळू चालत गेले. एकेका फळीवर बोटाचं पेर वाजवायचे आणि कान लावायचे. मीही मागून कान लावायचो आणि समजल्यासारखी मान हलवायचो.

"हा साग. बरा हाय, पन घाईनं वाळवलाय. आवाज बसलाय बग त्याचा." पुढं सरकायचे. "ह्यो ऐन. खांबाला घालावा. अधांतरी लावलास तर भिंत घेऊन खाली येईल." पुढं. "आंब्याला पावसात बुरशी, उन्हाळ्यात भुंगा. त्याला एकटं राहता येत नाय." फणसाच्या पिवळ्याधमक फळीजवळ ते बराच वेळ उभे राहिले. तिला थोपटलं. "हा मनानं अजून झाडच हाय रे. दोन वर्षांनी ये म्हनतोय."

वखारीचा मालक गल्ल्यावरून ओरडला, "मिस्त्री, लाकूड घेणार की सोयरीक जुळवणार?"

"सोयरीकच," मिस्त्री म्हणाले. "पन मुहूर्त जवळचा हाय. पोरी सगळ्या कवळ्या."

एकही फळी न घेता आम्ही बाहेर पडलो. मला वाटलं घरी जाऊ. पण मिस्त्री सव गावच्या रिक्षेत चढले. सवला गरम पाण्याचे झरे आहेत. पंधरा दिवसांतून एकदा मिस्त्री तिथं बोटं शेकायला जायचे, कारण रंध्यावर वाकून वाकून ती सकाळची उघडेनाशी झाली होती. कुंडाच्या काठावर आम्ही बसलो. वाफ पाण्यावरून उठून आमच्या गुडघ्यांपर्यंत यायची आणि तिथं विचार करत थांबायची. मिस्त्रींनी दोन्ही हात पाण्यात सोडले. पाण्याखाली ती बोटं मुळांसारखी दिसत होती. गंधकाचा वास माझ्या कारखान्याच्या वासाशी नातं सांगत होता आणि त्यामुळे माझा अपराध मला तिथंही सापडला.

"मिस्त्री, मी चुकलो," मी म्हणालो. दोन दिवस हे वाक्य मी घोटत होतो. जास्त लांब होतं, पण बाहेर एवढंच आलं.

ते पाण्याकडेच बघत होते. "गोदीत मला जोडाचा मिस्त्री म्हनत. दोन फळ्या जोडल्या की साहेब नख फिरवायचा. नख अडकलं तर काम परत. माझ्या जोडाला कधी नख अडकलं नाय. पन घरात मी एक पन जोड घातला नाय. तिची फळी आखी पायजे व्हती मला." मग बोटं पाण्यात उघडत-मिटत, जणू पाण्यालाच, "जोडू मंग."

पुढचे तीन आठवडे मी पाळी सोडून उरलेला वेळ त्यांच्या अंगणात काढला. माझं काम म्हणजे माझंच वॉर्निश खरवडणं. मिस्त्रींनी एका तुकड्याला जीभ काढली, दुसऱ्याला खाच पाडली, शेवटी शेवटी तर दिवसाला एखादा केस इतकंच लाकूड काढत. जीभ खाचेत गेली तशी फळी दोन बोटं आखूड झाली. त्यांनी खिशातली सुतळी काढली, फळीवर ताणली, बराच वेळ बघितली. मग आत जाऊन काकीला भिंतीशी उभं केलं आणि तिचा हात डावीकडून उजवीकडे नेला, परत आणला.

"पोचतो का गो?"

"मला काय क्रिकेट खेळायचंय? पोचतो."

जोड बसला. मिस्त्री मला म्हणाले, "नख फिरव." मी फिरवलं. काही नाही. डोळे मिटून फिरवलं. काही नाही. करवत चाललीच नव्हती असं वाटावं. मी टाळ्या वाजवल्या. माझं पाप नाहीसं झालं होतं, मला टाळ्या वाजवायचा हक्कच होता. मिस्त्री मात्र फळीशेजारी बसून राहिले. ऊन अंगणातून भिंतीवर चढलं तरी ते तिथंच होते, तळहात फळीवर आणि डोळे मिटलेले.

दुसऱ्या दिवशी दुपारी झोपेत रंध्याचा आवाज आला. बाहेर येऊन बघतो तर मिस्त्री लहान तुकड्याच्या बाजूनं फळी तासत होते. जोडापासून उजवीकडे, पूर्ण पृष्ठभाग, अलगद.

"अहो, बिघडवताय का? काल इतकं चांगलं झालं होतं!"

"गप. डोळे मीट." त्यांनी माझं बोट धरलं आणि फळीवर ठेवलं. बोट सरकत गेलं, सरकत गेलं, आणि एका जागी किंचित खाली उतरलं. उंबऱ्यावरून घरात पाय पडावा तसं. अर्धं सूत, जास्त नाही. सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग. त्याचंही अर्धं.

"गोदीत असा जोड दिला असता तर मुकादमानं हाकलला असता," मिस्त्री म्हणाले. त्यांना ते सोपं गेलं नव्हतं हे त्यांच्या आवाजावरून कळत होतं. "हिकडं तिखट-मीठ. तिकडं साखर-चापत्ती. मदी तुझी करवत. ठेवली."

दोनाऐवजी चार सळयांवर ती फळी पावसाच्या आधी स्वयंपाकघरात बसली. त्या पावसाळ्यात काकी रोज तिच्याशी बोलायची. डोळ्यांनी बघायची, बोट फिरवायची, उतरली की हसायची. भात कापून झाला त्या सुमारास तिला सगळंच धुकं दिसू लागलं, आणि मग धुकंही दिसेनासं झालं. ज्या सकाळी तिनं पहिल्यांदा अंधारात एकटीनं चहा केला, त्या सकाळी मी दाराशी होतो. मिस्त्री चुलीपासून दोन पावलांवर उभे होते. गुडघे सरळ, डोळे सताड उघडे, आणि दोन्ही हात पाठीमागं एकमेकांत घट्ट अडकवलेले, एखादा चुकून मदतीला सुटेल म्हणून. काकीचा हात वर गेला. फळी सापडली. बोट सरकलं, थांबलं, अर्धं सूत खाली उतरलं, आणि पहिला डबा तिनं उचलला तो साखरेचा.

ती वळली ती थेट मिस्त्रींच्या छातीवर आपटली.

"मिस्त्री, बाजूला सरका," ती म्हणाली. "वाटेत उभं राहू नका."

मिस्त्री सरकले. बाहेर ओसरीवर आले आणि पाय फाकवून उभे राहिले. मी त्यांच्याकडे बघायचं टाळलं.

पुढच्या वर्षी मला दुसरीकडे नोकरी लागली. निघताना मिस्त्रींनी कागदात गुंडाळलेलं काहीतरी दिलं. शिवणीची खुंटी होती, जीभ काढताना उरलेल्या लाकडाची. "तुझ्या हाताच्या मापानं लाव," एवढंच म्हणाले. ती अजून माझ्या घरी आहे. तिच्यावर टॉवेल असतो. शेजारच्या भिंतीवर आमच्या हौसेची एक विकतची अधांतरी फळी आहे, तिच्यावर काचेचा हत्ती आहे, आणि त्याच्यावर धूळ आहे.

सात-आठ वर्षांनी महाडला काम निघालं तेव्हा बिरवाडीला गेलो. मिस्त्री आदल्या वर्षी गेले होते, हे मला गावात शिरतानाच कळलं. ओसरी सरळ दिसत होती, कुठं झुकलेली नव्हती, आणि तेच चुकल्यासारखं वाटलं.

"केमिस्ट ना तू?" काकी आतून म्हणाली. "चपला अजून तशाच फरफटवतोस."

ती चहा ठेवत होती. मी फळीजवळ गेलो. लाकूड काळसर, गुळगुळीत झालं होतं. जोड कुठं आहे तो डोळ्यांना दिसेना. मी बोट फिरवलं. लागला नाही. परत फिरवलं. इतक्या वर्षांत तिच्या बोटांनी झिजून गेला की काय? मला एकदम भीती वाटली, ती आता काय करत असेल याची. मग मी इकडंतिकडं बघितलं, बघायला कोणी नव्हतं, आणि गुडघ्यांत वाकलो. डोळे मिटले. हात पुढे केला.

बोट सरकत गेलं. डावीकडची गार बाजू, तिखटाचा वास, आणि मग अगदी अलगद, उंबरा. होता. तिथंच होता.

त्या आनंदात मी हात जरा जास्तच जोरात परत डावीकडे आणला. कडेची पट्टी ओलांडून डबा खाली आला, झाकण एकीकडे गेलं, आणि पायांवर काहीतरी बारीक, खरखरीत पसरलं.

काकी वळली नाही. चहा ढवळत ढवळत विचारलं, "साखर का मीठ?"

मी डोळे उघडले. "मीठ."

"तरी बरं," ती म्हणाली आणि कप हातात घेऊन वळली. "आता बाजूला सरक. वाटेत उभा राहू नको."